खांबहून दिसेल अशी पाटी

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकलं की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. रोहा तालुक्यातलं हे गाव. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं २०११मध्ये सुरू झालेलं चौपदरीकरण ज्या गावांनी वर्षानुवर्षं धूळ खात पाहिलं, त्यांपैकी एक. 'खांबला उतरायचंय' एवढं म्हटलं की कंडक्टरला कळतं. अडचण येते ती फोनला. त्याच्या लेखी खांब म्हणजे आधी विजेचा, मग मंडपाचा, मग एखाद्या देवळातला कोरीव दगडी. रोह्याचं खांब त्या रांगेत कुठेतरी मागे.

समजा, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा या गावातला एक तरुण रात्री दोन वाजता टक्क जागा आहे. महिना झाला, झोप नाही. जेवण जात नाही, छातीत धडधडतं, कामावर लक्ष लागत नाही. बायकोला सांगितलं तर ती घाबरेल आणि मित्राला सांगितलं तर तो हसेल. म्हणून तो फोनला सांगतो. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: झोप येत नाही, धडधड होते, काय करावं. समोर काय येईल? जायफळ घातलेलं दूध, तळपायाला तेल, सात आसनं, एखाद्या परप्रांतातल्या ॲपची जाहिरात आणि मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाचं इंग्रजी पान.

त्याच वेळी रोह्यात, पेणला किंवा अलिबागला एखादी समुपदेशक आपल्या वेबसाइटवर लिहून बसलेली असते: 'व्यक्तिकेंद्री, पुराव्यावर आधारित, सर्वांगीण मानसिक आरोग्य सेवा'. तेही बहुधा इंग्रजीत. तरुणाने टाकलेला एकही शब्द या वाक्यात नाही. दोघांमध्ये जेमतेम तासाभराचं अंतर असेल, पण गाठ पडत नाही.

ही गाठ घालून देण्याच्या कलेला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ म्हणतात. मराठी समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ तिच्याकडे दोन प्रकारे पाहतात. काहींना ती हलकी वाटते. 'आपण काय साबण विकतोय?' काही जण ती एखाद्या एजन्सीला महिन्याच्या बोलीवर देऊन मोकळे होतात. दोन्ही चुकतं. ही कला या मंडळींनी स्वतः शिकायला हवी, मराठीत वापरायला हवी, आणि तिच्यातला कोणता भाग आपल्या व्यवसायाला शोभत नाही हेही त्यांनीच ठरवायला हवं.

धडाच घ्यायचा तर तो बंगाली बाबाकडून घ्यावा. मुंबईच्या लोकलच्या डब्यात, एसटी स्थानकाच्या मुतारीत आणि विजेच्या खांबांवर चिकटवलेली ती पत्रकं कोणी पाहिली नाहीत? त्यांवर बाबाची पदवी नसते, विद्यापीठ नसतं, उपचारपद्धतीचं नाव नसतं. असतं ते वाचणाऱ्याचं दुखणं, आणि तेही त्याच्याच तोंडच्या शब्दांत: नवरा-बायकोत पटत नाही, धंद्यात बरकत नाही, मूल होत नाही, प्रेमात धोका, शत्रूचा त्रास. खाली मोबाइल नंबर आणि 'एक वेळ अवश्य भेटा'. एजन्सीवाले ज्याला 'कीवर्ड रिसर्च' म्हणून पैसे घेतात, ते हेच. लोक काय शोधतात हे आधी ओळखायचं आणि आपल्या दारावर तेच लिहायचं.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर राज्याने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षाअखेर कायदा केला. त्या कायद्याने बाबाला पकडता येतं. पण बाबाने हेरलेली माणसं, रात्री जागी असलेली, बाबा तुरुंगात गेला म्हणून झोपी जात नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं दार उघडं आहे हे त्यांना दिसलं पाहिजे.

कोणतं दार वर दिसणार हे यंत्र कसं ठरवतं, ते समजायला थोडं मागे जाऊ. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे रोह्यापासून थेट मंगळुरूपर्यंत धावू लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी गूगल नावाची कंपनी नोंदवली. त्यांची मूळ कल्पना गावातल्या माणसाला लगेच पटेल अशी होती. कोणाच्या शब्दाला किती वजन आहे हे चारचौघं कोणाचं नाव घेतात यावरून कळतं. तसं ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात, ते पान वर. पुढे या हिशेबात शेकडो गोष्टी आल्या. मात्र 'माझ्या जवळचा डॉक्टर' अशा शोधाला गूगल आजही मुख्यतः तीन निकष सांगतं: विचारलेल्या गोष्टीशी पान किती जुळतं, ठिकाण किती जवळ आहे आणि त्याचा नावलौकिक किती.

खांबच्या तरुणाच्या बाबतीत या तिन्हींचं काय होतं ते पाहा. जुळणीची बोंब आधीच दिसली. जवळ कोणी आहे की नाही हे यंत्राला तेव्हाच कळतं, जेव्हा त्या कोणीतरी आपला पत्ता, वेळ आणि कामाचं नाव गूगलच्या नकाशावर नीट भरलेलं असतं. हे काम फुकट आहे, पण ते करायला बसावं लागतं. उरला नावलौकिक. तो मुंबई-पुण्याकडे ढीगभर आहे. तालुक्याच्या गावातलं माणूस पहिल्या दोन निकषांवर गैरहजर राहिलं की तिसऱ्यावर शहरवाला जिंकणारच.

जुळणीचा प्रश्न मराठीत जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि परदेशी पुस्तकांतून आलेल्या एसईओच्या सल्ल्यात त्याचा मागमूस नसतो. इंग्रजीत गावाचं नाव जसंच्या तसं राहतं. मराठीत रोहा हे रोह्यात, रोह्याला, रोह्याचं होतं. जुन्या कागदांत ते रोहे असतं. अलिबाग कोणाच्या तोंडी अलिबागला, कोणाच्या अलिबागेत. यंत्र ही रूपं आता बरीच ओळखतं, तरी पत्त्याच्या ओळीत मूळ नाव, तालुका आणि जिल्हा सुटे लिहिणं शहाणपणाचं. खांबसारख्या गावासाठी तर 'खांब, तालुका रोहा, जिल्हा रायगड' असं पूर्ण लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मग खुद्द व्यवसायाचं नाव. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा शब्द शुद्ध लिहायचा तर जोड ज पाहिजे. अर्धा महाराष्ट्र 'तज्ञ' लिहितो. कोणी शब्द जोडून लिहितं, कोणी तोडून. कोणी मनोविकारतज्ज्ञ म्हणतं, कोणी मानसरोगतज्ज्ञ, कोणी सरळ 'सायकॅट्रिस्ट', आणि घरात हळू आवाजात 'मनाचा डॉक्टर'. वेबसाइटवर शुद्धलेखनाला धरून एकच रूप ठेवण्याचा हट्ट समजण्यासारखा आहे. तरी शीर्षकात एक, मजकुरात दुसरं, प्रश्नोत्तरांत तिसरं असं सहज विखुरता येतं. भाषा बिघडत नाही आणि माणूस सापडतो.

याहून खोल अडचण दुखण्याच्या नावाची आहे. 'नैराश्य' हा शब्द पाठ्यपुस्तकाने दिला, आणि तो घराघरांत अजून पुरता पोचलेला नाही. घरात बोलतात ते असं: कशात मन लागत नाही. जीव नकोसा झालाय. डोकं चालत नाही. मुलगी एकटीच बसते. सासूच्या अंगात येतं. बाहेरचं काहीतरी असावं. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, आणि या गावांची नावं पिढ्यान्पिढ्या चिडवण्यासाठी वापरली गेली. 'ठाण्याला पाठवायची वेळ आली' हे वाक्य लहानपणी ऐकलेला माणूस फोनमध्येसुद्धा 'मनोरुग्ण' हा शब्द टाकत नाही. तो 'टेन्शन' टाकतो. म्हणून ज्या पानावर 'टेन्शन', 'धडधड', 'चिडचिड', 'झोप' हे शब्द प्रामाणिकपणे आले असतील, तेच त्याच्यापर्यंत पोचेल. 'अंगात येणं म्हणजे काय, आणि अशा वेळी घरच्यांनी काय करावं' या विषयावर एखाद्या जाणकाराने शांतपणे लिहिलेलं मराठी पान शंभर जाहिरातींना भारी पडेल. त्यात भगताची टिंगल नसावी. गावात अनेकांचा पहिला दरवाजा तोच असतो, आणि टिंगल वाचून कोणी दुसरा दरवाजा ठोठावत नाही.

एक साधी तांत्रिक चूकही सर्रास दिसते. दवाखान्याच्या उद्घाटनाला केलेला फ्लेक्स उचलून तसाच चित्र म्हणून साइटवर चढवलेला असतो. त्यावर सगळं असतं: नाव, पदवी, वेळ, कोणकोणत्या त्रासांवर उपचार. माणसाला ते वाचता येतं. सर्च इंजिन मात्र चित्रातला मजकूर पानावर टाइप केलेल्या मजकुरासारखा धरत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेल्या मजकुराची गत आणखी वाईट. पडद्यावर देवनागरी दिसते, आत साठलेली असते इंग्रजी अक्षरांची खिचडी. असं पान म्हणजे मध्यरात्री दिवा न लावलेली पाटी.

इथे एक जुना आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. डॉक्टरने जाहिरात करू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारनियमांनी डॉक्टरला रुग्ण गोळा करण्यासाठी जाहिरातबाजी करायला मनाई केली आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३मध्ये नवे नियम आणले, त्यांत समाजमाध्यमांबद्दलही सूचना होत्या. पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि जुनेच नियम चालू राहिले. हे नियम नीट वाचले तर मजा आहे. त्यांत बंदीच्या शेजारी मुभाही आहे. व्यवसाय सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी जायचं आहे, परत आलो, फी किती आहे, हे सगळं वर्तमानपत्रात जाहीर करता येतं. 'डॉक्टर परगावी, दवाखाना अमुक तारखेपासून सुरू' ही छोटी चौकट मराठी वाचकाने वर्षानुवर्षं पाहिली आहे. पाटीबद्दलही नियम आहे. ती अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर नाव, पदव्या, विशेष शाखा आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक एवढंच असावं.

वेबसाइट ही तीच पाटी आहे आणि तीच चौकट आहे. नाव, शिक्षण, नोंदणी, पत्ता, वेळ, फी. हे सांगणं म्हणजे गिऱ्हाईक ओढणं नव्हे. उलट ते न सांगणं हीच आता गैरसोय आहे. फीचा आकडा लिहायला बहुतेकांना संकोच वाटतो, आणि खांबच्या तरुणाला सगळ्यात आधी तोच हवा असतो. एका खेपेला किती जातील, किती खेपा लागतील आणि त्यासाठी किती पाळ्या बुडतील, हा हिशेब केल्याशिवाय तो फोन करणार नाही.

मात्र पाटीवरचं शिक्षण आणि नोंदणी सगळ्यांची सारखी नसते. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषधं लिहितो आणि वैद्यक परिषदेकडे नोंदलेला असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने चालते. राहिले समुपदेशक. त्यांच्यात दोन वर्षं एम.ए. करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम शिकलेली माणसं आहेत आणि चार शनिवार-रविवारांचा ऑनलाइन कोर्स करून 'थेरपिस्ट' झालेलीही आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला, त्यात या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचा समावेश आहे. पण सामान्य माणसाला हाती घेऊन पडताळता येईल अशी यादी अजून त्याच्यापर्यंत आलेली नाही. आणि सर्च इंजिन प्रमाणपत्र मागत नाही. ज्याचं पान चांगलं बांधलेलं, तो वर.

गूगललाही याची जाणीव आहे. आरोग्य आणि पैसा या विषयांना त्याने 'तुमचा पैसा किंवा तुमचा जीव' असं नाव देऊन वेगळं काढलं आहे. निकाल तपासणाऱ्या माणसांना दिलेल्या मार्गदर्शिकेत अशा पानांसाठी कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता पाहायला सांगितलं आहे. डिसेंबर २०२२मध्ये त्यात प्रत्यक्ष अनुभवाची भर पडली. ऑगस्ट २०१८मध्ये हिशेब बदलला तेव्हा आरोग्यविषयक कितीतरी साइट एका रात्रीत खाली गेल्या. त्या बदलाला धंद्यातल्या लोकांनी 'मेडिक अपडेट' असं नावच दिलं. मराठी तज्ज्ञाला याचा फायदा घेता येतो. लेखाखाली स्वतःचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहायला पैसे पडत नाहीत. 'एका महिन्यात पहिल्या पानावर आणून देतो' अशी हमी देणाऱ्या एजन्सीला मात्र पडतात, आणि अशी हमी कोणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतः सांगतं.

इथवरचा सल्ला सरळ आहे. पुढे रस्ता खडबडीत होतो, कारण इतर दुकानदारांना चालणारं सगळंच मनाच्या व्यवसायाला चालत नाही.

पहिली अडचण अभिप्रायांची. नकाशावरच्या नावलौकिकात तारे आणि अभिप्राय मोजले जातात. हॉटेलवाला बिल देताना म्हणतो, 'साहेब, एक रिव्ह्यू टाका.' समुपदेशक असं म्हणू शकत नाही. जी व्यक्ती अजून समुपदेशकाच्या आधारावर उभी आहे, तिच्याकडे प्रशस्तिपत्र मागणं म्हणजे त्या आधाराची वसुली. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या आचारसंहितेत उपचार चालू असलेल्या व्यक्तीकडून प्रशस्तिपत्रं मागायला स्पष्ट मनाई आहे. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. रोह्यासारख्या गावात हा हक्क कागदापुरता राहत नाही. खऱ्या नावाने आणि फोटोसह लिहिलेला अभिप्राय बाजारपेठेत दुसऱ्या दिवशी वाचला जातो, आणि लग्नाच्या बोलण्यांत सहा महिन्यांनी आठवला जातो. वाईट अभिप्राय आला तर आणखी पंचाईत. उत्तर द्यायचं तर 'हो, या आमच्याकडे येत होत्या' हे आपसूक कबूल होतं. म्हणून चांगली समुपदेशक गप्प बसते आणि यंत्र तिला कमी गुण देतं. या एका बाबतीत हार पत्करणंच बरोबर. तारे कमी असणं, अभिप्राय न मागणं हाच मनाच्या व्यवसायात चांगला दाखला ठरू शकतो, हे वाचकांनीही लक्षात ठेवावं.

दुसरी अडचण घाबरलेल्या माणसाच्या किमतीची. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अमेरिकेने ती पाहिली. व्यसनमुक्ती केंद्र शोधणाऱ्या माणसाच्या एका क्लिकसाठी तिथे जाहिरातदार प्रचंड पैसे मोजत होते, कारण एक विमाधारक रुग्ण म्हणजे हजारो डॉलर. मधले दलाल मदतीच्या नावाने फोन घेत आणि कमिशन देणाऱ्या केंद्राकडे माणूस वळवत. बोभाटा झाला तेव्हा सप्टेंबर २०१७मध्ये गूगलने अशा शोधांवरच्या जाहिराती थांबवल्या. पुढच्या वर्षी बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घेतलेल्या केंद्रांनाच त्या पुन्हा खुल्या केल्या. बंगाली बाबाच्या पत्रकाचीच ही महागडी आवृत्ती होती. शब्द दुखणाऱ्याचे, पण दार भलत्याचं.

तिसरी अडचण न दिसणारी आहे. साइटवर किती लोक आले, कुठून आले हे मोजण्यासाठी एजन्सी मागच्या बाजूला छोटं मोजणीयंत्र बसवते, आणि ते पाहणाऱ्याची खबर जाहिरात कंपन्यांना देत राहू शकतं. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनातल्या बड्या अमेरिकी कंपनीने लोकांनी विश्वासाने भरलेली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट अशांना जाहिरातीसाठी दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने मार्च २०२३मध्ये ठेवला. प्रकरण ७८ लाख डॉलरवर मिटलं. रोह्याच्या समुपदेशकाची साइट लहान असली तरी मोजणीयंत्र तेच असतं. 'धडधड का होते' हे पान वाचलेल्या तरुणाला दुसऱ्या दिवशी बायकोसमोर फोनवर चिंतेच्या गोळ्यांची जाहिरात दिसली, तर त्याने पुन्हा कोणावर विश्वास का ठेवावा? अशी यंत्रं काढून टाकली तर पानाची क्रमवारी घसरत नाही. एजन्सीचा मासिक अहवाल तेवढा बारीक होतो.

मग वर यायचं कसं? ज्याने मराठीत हे आधीही साधलं आहे, त्याच मार्गाने: लोकांच्या प्रश्नांना सोप्या भाषेत, नावानिशी उत्तरं लिहून.

र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. घरात उच्चारता येत नाहीत असे प्रश्न वाचक त्यांना विचारत आणि ते छापील उत्तरं देत; त्यापायी त्यांनी अश्लीलतेचे खटले सोसले. रात्री दोन वाजता फोनला विचारलेला प्रश्न हा त्याच पत्रांचा वारसदार. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच' या मानसिक आरोग्य संस्थेचे मराठी व्हिडिओ आज यूट्यूबवर पाहिले जातात. राग, भीती, परीक्षा, म्हातारपण असे रोजचे विषय आणि रोजची भाषा. यांतलं काहीही 'ऑप्टिमाइज' करायचं म्हणून केलेलं नव्हतं. तरी एसईओच्या कोणत्याही कार्यशाळेत अखेरीस सांगतात ते हेच: माणसाने खरोखर विचारलेल्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर द्या.

मराठीत असं लेखन कमी पडतंय, आणि आता त्याची किंमत वाढली आहे. भारतात २०२४पासून गूगलच्या यादीच्याही वर यंत्राने रचलेला सारांश दिसू लागला. हे यंत्र जे लिहिलेलं सापडेल त्यावरच पोसतं. मराठीत मनाच्या दुखण्यांबद्दल जाणकारांचं कमी आणि घरगुती उपायांचं उदंड असेल, तर सारांशातही जायफळच जास्त येणार.

ही जबाबदारी एकट्या खासगी दवाखान्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता; पण रायगडचं चित्र फार निराळं असेल असं मानायला आधार नाही. सरकारने १० ऑक्टोबर २०२२पासून 'टेलिमानस' ही २४ तासांची फुकट सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा नंबर फिरवला की मराठीतही बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. तरी एखाद्या सरकारी रुग्णालयात मनोविकारांची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या खोलीत भरते, हे साधं वाक्य मराठी पानावर लिहिलेलं असायला हवं, आणि ते 'झोप येत नाही रोहा' एवढ्या शोधाला सापडायला हवं. याला निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. एका कारकुनाची एक दुपार लागते, आणि वार बदलला की ते पान बदलण्याची शिस्त लागते.

खासगी दवाखान्याचं पानही एका दुपारीच होतं. रोह्यातल्या एखाद्या मानसशास्त्रज्ञाने ते लिहायला घेतलं, तर ते साधारण असं होईल: 'झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड होते, अशा त्रासांसाठी लोक माझ्याकडे येतात. मी गोळ्या देत नाही. लागतील असं वाटलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते. माझं शिक्षण हे, नोंदणी क्रमांक हा. पहिली भेट पाऊण तासाची, फी इतकी, परवडत नसेल तर बोलू. खांब, नागोठण्याकडून येणाऱ्यांनी कोलाडला उतरून रोह्याची एसटी धरावी. पाटीवर फक्त माझं नाव आहे, बाकी काही लिहिलेलं नाही. पाळीवर काम करणाऱ्यांसाठी गुरुवारी संध्याकाळी आठपर्यंत बसते. दुपारी दोन ते चार फोन मी स्वतः उचलते. रात्री राहवलं नाही तर १४४१६.'

रात्री दोन वाजता हे पान जायफळाच्या दुधाखाली दिसलं तरी चालेल.